अकरा त्रिक तेहेतीस

विसार ते किल्ली : ५५ दिवस. पण त्याआधीच्या अडीच वर्षांचं काय? भाड्याच्या बाल्कनीतून स्वतःच्या बाल्कनीत पोहोचायला आम्हाला एवढा वेळ का लागला, त्याची ही (जमेल तितकी प्रामाणिक) गोष्ट...

‘‘मग? झालं का घर?’’

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये कॉफी मशीनपुढे उभं राहिलं की हा प्रश्न हमखास यायचा. विचारणाऱ्याला उत्तरात फारसा रस नसतो, कप भरेपर्यंतचे वीस सेकंद भरून काढायचे असतात, हे मला माहीत होतं. तरीही दर सोमवारी मी अगदी मनापासून सांगायचे, ‘‘नाही रे, बघतोय. काल दोन बघितले. एकाला पार्किंग नाही आणि दुसऱ्याच्या किचनला खिडकीच नाही.’’ असे किती सोमवार गेले माहितीये? मी मोजलेत. नोव्हेंबर २०२१ ते जुलै २०२४. तेहेतीस महिने!

तेहेतीस हा आकडा उगाच आलेला नाही. तुम्ही पुण्यात भाड्यानं राहत असाल तर तुमच्या लक्षात आलंच असेल. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा. आमचे झाले तीन. अकरा त्रिक तेहेतीस. पहिल्या घराचं भाडं २१ हजार, दुसऱ्याचं २४, तिसऱ्याचं २९. एकूण ८ लाख १४ हजार. वर प्रत्येक वेळी एजंटला एक महिन्याचं भाडं, पॅकर्स अँड मूव्हर्स, आणि जुन्या घरमालकानं डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून कापलेले पैसे. हे सगळं आमच्या एक्सेल शीटमध्ये आहे. या शीटचं नाव ‘घर’. त्यात ४१ फ्लॅट आहेत आणि प्रत्येकापुढे नवऱ्याचा एक शेरा, माझा एक शेरा. ही शीट आता उघडली की मला हसू येतं. आणि एका कॉलमपाशी आलं की येत नाही. त्या कॉलमकडे येतेच आहे, पण जरा दमानं.

आमचा प्लॅन मात्र एकदम झकास होता. २०२१ च्या दिवाळीतला पाडवा, लॉकडाऊनचा कंटाळा, दोघांचीही ऑफिसं हिंजवडीत, दोघांचेही पगार बरे. वाकडच्या भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलो होतो. फराळ खाता खाता नवरा म्हणाला, ‘‘हे अकरा महिने संपायच्या आत स्वतःचं घर.’’ मी म्हटलं, ‘‘डन!’’ तेव्हा आम्हाला खरंच वाटलं होतं की घर घ्यायला फार तर सहा महिने लागतात. गृहकर्ज पावणेसात टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून चार टक्क्यांवर गोठलेला होता. सगळे म्हणत होते, घ्या, हीच वेळ आहे.

सगळे बरोबर म्हणत होते, हे दुर्दैव.

एक दिवस उशिराचा पाडवा

पहिला आवडलेला फ्लॅट शीटमध्ये सातव्या नंबरला आहे. बाणेर, चौथा मजला, रिसेल, कारपेट ७३० चौरस फूट, ७१ लाख. हॉलच्या खिडकीतून टेकडी दिसायची. घरमालक सज्जन गृहस्थ होते. मुलीकडे बंगलोरला कायमचे चालले होते. चहा झाला, पोहे झाले, आवडल्याचं आम्ही लपवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. मार्च २०२२ चा दुसरा आठवडा होता. त्यांनी विचारलं, ‘‘मग कधी करायचं?’’

आई फोनवरून म्हणाली, ‘‘गुढीपाडव्याला विसार द्या. साडेतीन मुहूर्तांतला एक. आता आलाच आहे पाडवा.’’ आम्हालाही बरं वाटलं. खरं सांगायचं तर मुहूर्तावर आमचा तेवढा काही विश्वास नाही. पण निर्णय तीन आठवडे पुढे ढकलायला कुणीतरी मान्यताप्राप्त कारण दिलं, तर कोण नाही म्हणेल?

त्या वर्षी पाडवा होता २ एप्रिलला. आणि १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो सेस लागणार होता. म्हणजे सहाचे सात टक्के. आम्ही दोघंही दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे, जगातल्या सगळ्या बातम्या वाचणारे, पण ही बातमी आमच्या नजरेतून सुटली. दुसऱ्या एका कुटुंबाच्या नजरेतून ती सुटली नाही. त्यांनी २६ मार्चला फ्लॅट पाहिला, दुसऱ्या दिवशी विसार दिला आणि ३० मार्चला रजिस्ट्रेशन करून मोकळे झाले. ७१ हजार रुपये वाचवले, आणि टेकडीही घेऊन गेले!

काकांनी स्वतः फोन करून सांगितलं. ‘‘तुमचं काही कळेना बेटा,’’ म्हणाले. यात त्यांची काय चूक? आमचं आम्हालाच काही कळत नव्हतं.

व्याज नावाचं घड्याळ

यानंतर आम्ही शहाणे झालो, म्हणजे जास्तच घाबरलो. रिसेल नको, अंडर कन्स्ट्रक्शन बघू, असं ठरलं. रविवार सकाळ म्हणजे साइट व्हिजिट. रावेत, पुनावळे, ताथवडे. तुम्ही गेला असाल तर तो सोहळा तुम्हाला ठाऊक आहे. थंडगार एसी, कोरी ब्रोशर्स, सॅम्पल फ्लॅटमधला बुटका पलंग (खोली मोठी दिसावी म्हणून हे पलंग खास लहान बनवतात अशी माझी पक्की शंका आहे) आणि ‘‘सर, मॅम, आज बुक केलंत तर मॉड्युलर किचन फ्री’’ म्हणणारी, आपल्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी.

इथे आम्हाला एक नवीन गोष्ट कळली. प्रत्येक बिल्डिंगला पझेशनच्या दोन तारखा असतात. एक सेल्सची मुलगी सांगते ती, तिला म्हणतात ‘टार्गेट पझेशन’. दुसरी महारेराच्या वेबसाइटवर असते ती. आमच्या आवडत्या प्रोजेक्टमध्ये पहिली होती डिसेंबर २०२४ आणि दुसरी डिसेंबर २०२६. मधली दोन वर्षं कुठे गेली असं विचारलं, तर ती गोड हसून म्हणाली, ‘‘ती फक्त लीगल डेट आहे, मॅम.’’

फक्त लीगल! अहो, पण तीच तर आपली तारीख. रेरा कायदा महाराष्ट्रात मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. बिल्डरनं करारातली तारीख चुकवली तर व्याज मागता येतं किंवा पैसे परत मागता येतात. हा सगळा हिशेब करारात लिहिलेल्या तारखेपासून सुरू होतो, ब्रोशरवरच्या तारखेपासून नाही. आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही तिथेच कळलं. तुम्ही रविवारी निघण्याआधी शनिवारी रात्री पाच मिनिटं महारेराची साइट उघडा. पेट्रोल वाचेल.

तरीही आम्ही टोकन दिलं. एक लाख. मे २०२२. थ्री बीएचके. (हे ‘थ्री’ लक्षात ठेवा.) आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं रेपो वाढवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत चाराचा साडेसहा टक्के झाला.

आता थोडं गणित. नको वाटलं तरी वाचा, कारण घर घ्यायला किती वेळ लागतो याचं खरं उत्तर इथे दडलंय. ६० लाखांचं कर्ज, २० वर्षं, पावणेसात टक्के : हप्ता साधारण ४५,६००. तेच पावणेनऊ टक्क्यांनी : ५३,०००. म्हणजे महिन्याला ७,४०० रुपये जास्त, वीस वर्षांत पावणेअठरा लाख. आम्ही एकेक रविवार पुढे ढकलत होतो तेव्हा हे घड्याळ मागे टिकटिकत होतं.

पण ज्यांनी वेळेवर उडी मारली त्यांची तरी मजा होती का? माझ्या टीममधल्या एकानं आमच्याच दिवाळीत, पावणेसातनं, बरोब्बर ६० लाख घेतले होते. आम्ही त्याच्यावर जाम जळायचो. रेपोला जोडलेलं कर्ज असलं की रेपो अडीच टक्के चढला, व्याजही तेवढंच चढतं. त्याचे झाले सव्वानऊ. वर्षभर फेडून झालेल्या कर्जावरही सव्वानऊनं महिन्याचं नुसतं व्याज ४५ हजारांच्या वर जातं. हप्ता ४५,६००. म्हणजे मुद्दलात पडणार जेमतेम पाचशे रुपये! बँकेनं काय केलं? त्याची मुदत लांबवली. एके दिवशी कँटीनमध्ये त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. २०४१ ला संपणारं कर्ज आता २०५१ ला संपणार होतं, आणि वर हप्ताही जवळपास तीन हजारांनी वाढला होता. ‘‘मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा असेन,’’ तो म्हणाला. कॉफी तशीच राहिली. त्याचं घर घेऊन झालं होतं असं आपण म्हणायचं का? मला त्या दिवसापासून खात्री वाटेनाशी झाली. (ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. बँकेकडून तसा मेसेज आला तर न वाचता ‘ओके’ दाबू नका.)

आम्ही ते थ्री बीएचके सोडलं. व्याज, पाच टक्के जीएसटी आणि घर तयार होईपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही. जमेना. टोकनचे एक लाख परत मिळायला चार महिने आणि सतरा ई-मेल लागले.

मग कोथरूडचा एक रिसेल आला. जुनी बिल्डिंग, दारात चाफा. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च घेतला, तेव्हा कळलं की मधल्या एका मालकाचा १९९६ सालचा मूळ करारनामाच गहाळ आहे. पोलिसांत तक्रार, निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, पेपरात जाहीर नोटीस. आणि चौदाव्या दिवशी, नोटीस वाचून, मालकांच्या एका चुलतभावानं हरकत घेतली. चुलतभाऊ हा प्राणी जाहीर नोटिशीतूनच जन्माला येतो असं आमचे वकील म्हणतात. मग अधिक श्रावण आला, मग पितृपक्ष, आणि त्यानंतर आम्हीच कंटाळलो. तोवर आमचा तिसरा करार सुरू झाला होता.

तिसरी खोली

आता तो कॉलम.

शीटमध्ये ‘पार्किंग’, ‘पाणी’, ‘ऑफिसपासून अंतर’ अशा कॉलमनंतर एक कॉलम आहे : ‘तिसरी खोली – गरज?’ त्यात ४१ वेळा नवऱ्यानं लिहिलंय ‘हो’. आणि ४१ वेळा मी लिहिलंय ‘बघू’.

टू बीएचके आवडला की नवरा म्हणायचा, ‘‘छान आहे, पण लहान वाटतोय.’’ थ्री बीएचके आवडला की मी म्हणायचे, ‘‘छान आहे, पण बजेटच्या बाहेर जातोय.’’ दोन वर्षं आम्ही चौरस फुटांवर भांडलो. एजंटसमोर, पार्किंगमध्ये, वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुम्ही फार चोखंदळ आहात. मीही तसंच सांगायला लागले होते. चोखंदळ असणं बरं दिसतं ना!

खरी गोष्ट अशी होती. सासरे २०१९ मध्ये गेले. सासूबाई कऱ्हाडला एकट्या. नवऱ्याच्या डोक्यात तिसरी खोली म्हणजे आईची खोली. त्यानं हे कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं की मी काय म्हणेन याची त्याला धास्ती. आणि मला ते कळत होतं. पहिल्याच रविवारी कळलं होतं. पण मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. माझं उत्तर काय आहे तेच मला माहीत नव्हतं. सासूबाईंशी माझं वाईट आहे असं मुळीच नाही. पण दहा तास ऑफिस करून घरी आल्यावर सोफ्यावर पाय पसरून गप्प पडण्याचं जे सुख आहे, ते कुणासमोर? हे असलं बोलायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा ‘किचनला खिडकी नाही’ म्हणणं सोपं.

म्हणून आम्हाला कुठलंच घर पसंत पडत नव्हतं. बाणेरच्या वेळीही नुसता पाडवा आडवा आला नव्हता. तोही टू बीएचके होता. त्या तीन आठवड्यांत नवऱ्यानं एकदाही काकांना फोन केला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

जानेवारी २०२४, संक्रांत. आम्ही कऱ्हाडला गेलो होतो. सासूबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. अजूनही वाक्य संपलं की समोरच्याला कळलं का, ते तपासतात. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘घराचं काय झालं रे तुमच्या? दोन वर्षं ऐकतेय.’’ नवऱ्यानं व्याजदर सांगितले. मी चुलतभावाचा किस्सा सांगितला. त्या ऐकत होत्या, तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावत होत्या. मग एकदम म्हणाल्या, ‘‘दोन खोल्यांचं बघताय की तीन?’’

कुणीच काही बोललं नाही. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला.

‘‘तिसरी माझ्यासाठी असेल तर मला कुणी विचारलंत का?’’

‘‘आई, तसं नाही...’’ नवरा म्हणाला.

‘‘तसंच आहे. तुमच्या त्या आठव्या मजल्यावर मी दिवसभर करू काय? लिफ्टची बटणं दाबू? इथे सकाळी प्रीतिसंगमावर जाते, चार बायका भेटतात, भजनी मंडळ आहे, भिशी आहे. येणारच नाही असं नाही म्हणत मी. हातपाय थकले की येईन. यावंच लागेल, तेव्हा मी काही विचारायला थांबणार नाही. पण तोपर्यंत माझ्या नावानं खोली अडवून ठेवू नका. तिचा हप्ता कोण भरणार?’’

मग माझ्याकडे बघून, अगदी वर्गात विचारावं तसं : ‘‘तुझं काय म्हणणं आहे गं?’’

मी म्हणाले, ‘‘मला भीती वाटत होती, आई.’’ कशाची, ते त्यांनी विचारलं नाही. ‘‘साहजिक आहे. मलाही वाटत होती,’’ म्हणाल्या आणि डबा उचलून आत गेल्या.

परतीच्या वाटेवर नवरा साताऱ्यापर्यंत गप्प होता. खंबाटकी उतरल्यावर म्हणाला, ‘‘तू मला आधी का नाही बोललीस?’’ मी म्हटलं, ‘‘तू का नाही बोललास?’’ शिरवळच्या वडापावपाशी गाडी थांबवली. त्या दिवशी आम्ही भांडलो, पण बऱ्याच दिवसांनी खऱ्या विषयावर भांडलो.

पंचावन्न दिवस

त्यानंतरची गोष्ट सांगण्यासारखी कमी आहे, कारण ती भराभर झाली. फ्लॅट सापडला तो आमच्याच सोसायटीत, समोरच्या विंगमध्ये! भाड्याच्या बाल्कनीतून वर्षभर आम्ही त्याच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे बघत होतो. टू बीएचके, ८२ लाख. २ जून २०२४, रविवार, विसार दिला. मुहूर्त विचारला नाही.

बँकेनं किती दिवस घेतले असतील? एकोणीस! पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, सिबिल, वकिलाचा सर्च, इंजिनीअरची व्हिजिट, सगळं धरून. लोक बँकेला उगाच बदनाम करतात. जास्त वेळ लागला तो सोसायटीच्या ना हरकत पत्राला. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो. आमच्या सेक्रेटरींना तो आकडा पाठ होता, म्हणून त्यांनी वरच्या रकमेला ‘रंगकाम निधी’ असं सुंदर नाव दिलं होतं. नवऱ्यानं नियम छापून नेला. निधी नाहीसा झाला, पत्र आठ दिवसांनी आलं.

एक गोष्ट मात्र आत्ताच शीटमध्ये लिहून ठेवा. बँक ८० टक्के देते म्हणजे घराच्या किमतीच्या ८० टक्के देते. मुद्रांक शुल्क, नोंदणी हे त्यात येत नाही. ते आपल्या खिशातून, रोख तयार लागतं. आमच्या बाबतीत ते पाच लाखांच्या वर. शिवाय ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असलं की एक टक्का टीडीएस आपण कापून भरायचा असतो. विकणाऱ्यानं ‘असू दे हो’ म्हटलं तरी!

आणि एक शेवटची गाडी अडली ती नावावर. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ८२ लाखांवर ८२ हजार. दोघांची नावं घातली की सूट गेली. ‘‘तुझ्या एकटीच्या नावावर करू,’’ नवरा म्हणाला. यावेळी विरोध केला तो चक्क माझ्या बाबांनी! ‘‘जावयाचं नाव नाही म्हणजे काय? लोक काय म्हणतील?’’ आठवडा यात गेला. शेवटी माझ्या एकटीच्या नावावर झालं, कर्जात मात्र दोघं. निबंधक कार्यालयात अंगठे, फोटो, सह्या, सगळं पाऊण तासात संपलं. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, ‘‘आता मला लिव्ह अँड लायसन्सवर ठेव. अकरा महिन्यांचा करार.’’ आम्ही खूप हसलो. त्या हसण्यात कुठेतरी बारीकसं काहीतरी होतं, ते मला जाणवलं. यावेळी घरी पोहोचायच्या आत विचारलं. त्यानं सांगितलंही. ते आमच्यात राहू दे.

२७ जुलै, शनिवारी किल्ली हातात. चातुर्मास लागला होता. आई नाराज होती, ‘‘चातुर्मासात कुणी वास्तू करतं का?’’ पण आमचा करार ३१ ला संपत होता आणि घरमालकाला चातुर्मासाचं काही पडलेलं नव्हतं. दूध उतू घातलं, तेवढ्यावर भागवलं. सामान हलवायला टेम्पोसुद्धा लागला नाही. एका लिफ्टनं खाली, दुसरीनं वर.

बाबा त्या दिवशी नव्या हॉलमध्ये पालथ्या खोक्यावर बसून चहा पीत होते. त्यांचं घर हाही एक नमुनाच आहे. १९८४ मध्ये ऑफिसातल्या चोवीस जणांनी मिळून सहकारी सोसायटी काढली. जमिनीला सिलिंग कायद्यातली सूट मिळवायला चार वर्षं गेली. मग बिनशेती, मग नकाशे, मग एका कॉन्ट्रॅक्टरनं काम अर्धवट सोडलं. १९९३ मध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा मी चार वर्षांची होते आणि जिन्याला कठडा नव्हता. नऊ वर्षं! मी विचारलं, ‘‘बाबा, तुम्हाला कंटाळा नाही आला?’’

‘‘कंटाळा कसला? एकच घर होतं. ते कधी होतंय एवढंच बघायचं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही किती बघितलीत?’’

‘‘एक्केचाळीस.’’

बाबांनी चहाचा घोट घेतला. त्यावर बोलण्यासारखं त्यांना काही सुचलं नसावं.

आमचं कर्ज २०४४ पर्यंत. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो एक टक्क्यानं उतरला, तेव्हा बँकेला सांगून हप्ता आहे तोच ठेवला. उरलेली एकोणीस वर्षं सोळाच्या थोडी वर, एवढी झाली. सासूबाई मे महिन्यात पंधरा दिवस राहून गेल्या. दुसऱ्या खोलीत. माझं ऑफिसचं टेबल त्यांनी भिंतीला सरकवून घेतलं आणि जाताना परत जागेवर ठेवायला विसरल्या. मीही ते हलवलेलं नाही. उजेड तिथेच बरा येतो.

जून २०२५ मध्ये या घरात आमचा अकरावा महिना संपत आला होता. एका रात्री मी माळ्यावर काहीतरी शोधत होते. नवऱ्यानं खालून विचारलं, ‘‘काय हवंय?’’

‘‘खोकी,’’ मी म्हटलं, ‘‘कुठे ठेवलीस?’’

तो शिडी धरून उभा होता. मला आठवायला चार-पाच सेकंद लागले. मग मी उतरले.